झाडे लावून भागेल का? तापमानवाढीची कारणे, परिणाम आणि खरोखर उपयोगी पडणारे उपाय

सांजपक्षी (धागाकर्ती)

तापमानवाढीचा विषय निघाला की बोलणे थोड्याच वेळात "झाडे लावायला हवीत" इथे येऊन थांबते. झाडे लावावीतच. पण या एका वाक्याखाली मूळ प्रश्न झाकला जातो असे मला मनापासून वाटते, म्हणून हा धागा काढते आहे.

झाडे, माती, प्राणी, समुद्राचा वरचा थर आणि हवा यांच्यात कार्बन सतत फिरत असतो. पान गळते, कुजते, त्यातला कार्बन हवेत जातो, दुसरे पान तो ओढून घेते. कोळसा, खनिज तेल आणि नैसर्गिक वायू यांतला कार्बन मात्र कोट्यवधी वर्षांपूर्वी या फेऱ्यातून बाहेर पडून जमिनीखाली गाडला गेला होता. आपण तो उकरून काढतो, जाळतो आणि फेऱ्यात नवी भर घालतो. या जळणातून आणि सिमेंटच्या भट्ट्यांतून सध्या वर्षाला साधारण ३७ अब्ज टन कार्बन डायऑक्साइड (कर्बवायू) बाहेर पडतो. त्यातला जवळपास निम्मा समुद्र आणि जमिनीवरची झाडे-माती शोषून घेतात. उरलेला हवेत साठतो.

हा साठाच सगळ्याचे मर्म आहे. हौदाचा नळ मोठा सोडला असेल आणि निचऱ्याचे भोक लहान असेल, तर नळ थोडा आवळला म्हणून पातळी खाली येत नाही, ती चढतच राहते. वर्षाचे उत्सर्जन दोन-चार टक्क्यांनी घटले, तरी तापमान ठरते ते आजवर सोडलेल्या एकूण कर्बवायूच्या बेरजेवर.

औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेत या वायूचे प्रमाण २८० पीपीएमच्या (म्हणजे हवेच्या दहा लाख रेणूंमागे २८०) आसपास होते. १९५८ साली चार्ल्स कीलिंग यांनी हवाईतल्या मौना लोआ पर्वतावर रोजची मोजणी सुरू केली तेव्हा ते ३१५ होते. आज ते ४२० च्या पुढे गेले आहे. अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकलेल्या हवेच्या बुडबुड्यांवरून गेल्या ८ लाख वर्षांचा हिशेब लागतो, आणि त्या सगळ्या काळात हे प्रमाण ३०० च्या वर टिकलेले दिसत नाही. २०२४ हे वर्ष १८५०-१९०० च्या सरासरीपेक्षा सुमारे १.५५ अंश सेल्सिअसने अधिक उष्ण गेले, असा जागतिक हवामान संघटनेचा अंदाज आहे. (पॅरिस करारातली दीड अंशाची मर्यादा एका वर्षाची नसून दीर्घकालीन सरासरीची आहे. तरीही ती फार दूर राहिलेली नाही.)

मला चर्चा हवी आहे ती अशी: कुठले उपाय नळच बंद करतात, कुठले निचरा वाढवतात, आणि कुठल्यांनी फक्त आपले समाधान होते? जाणकारांनी लिहावे.

---

तिऱ्हाईत

विषय महत्त्वाचा आहे. पण काही शंका आहेत, त्या प्रामाणिकपणे मांडतो.

पृथ्वीवर हिमयुगे आली आणि गेली, तेव्हा कारखाने नव्हते. सूर्याचे तेज कमी-जास्त होते. ज्वालामुखीही कर्बवायू सोडतात. शिवाय माणूस सोडतो त्याच्या कितीतरी पट कार्बन निसर्ग स्वतःच हवेत सोडतो, असे वाचले आहे. मग ही वाढ माणसामुळेच आहे हे इतक्या खात्रीने कशावरून सांगतात?

---

वेधशाळा

तिऱ्हाईत, तुमच्या प्रत्येक शंकेला मोजमापातून उत्तर आहे. थोडे लांबेल, पण नीट लिहितो.

आधी भौतिकशास्त्र. हा वायू उष्णता धरून ठेवतो हे कुठल्या संगणकाने सांगितलेले नाही. १८५६ साली युनिस फूट या अमेरिकन संशोधिकेने काचेच्या नळकांड्यांत वेगवेगळे वायू भरून ती उन्हात ठेवली. कर्बवायूचे नळकांडे सर्वांत जास्त तापले आणि निवायलाही जास्त वेळ लागला. हवेत हा वायू वाढला तर पृथ्वी अधिक उबदार होईल, हे त्यांनी तेव्हाच लिहून ठेवले. १८५९ मध्ये जॉन टिंडल यांनी दाखवले की नायट्रोजन आणि ऑक्सिजन उष्णतेचे अवरक्त किरण अडवत नाहीत, पण पाण्याची वाफ आणि कर्बवायू अडवतात. १८९६ साली स्वान्ते अऱ्हेनियस यांनी कर्बवायू दुप्पट झाला तर तापमान किती वाढेल याचे गणित हाताने मांडले. त्यांचे उत्तर ५-६ अंश आले, आजचा सर्वोत्तम अंदाज ३ अंशांच्या आसपास आहे.

आता हा वाढीव कार्बन आपलाच कशावरून? कार्बन-१४ हा कार्बनचा किरणोत्सारी प्रकार असतो आणि त्याचे अर्धायुष्य, म्हणजे निम्मा नष्ट व्हायला लागणारा काळ, सुमारे ५,७०० वर्षे आहे. कोट्यवधी वर्षे गाडलेल्या कोळशात तो शिल्लकच राहत नाही. म्हणून कोळसा-तेल जाळले की हवेतल्या कार्बनमध्ये कार्बन-१४ चा वाटा पातळ होत जातो, आणि तसे होताना दिसले आहे. कार्बन-१३ चे प्रमाणही घटते आहे, कारण वनस्पतींपासून बनलेल्या इंधनात ते मुळात कमी असते. शिवाय जळणाला जितका ऑक्सिजन लागतो त्याच्याशी जुळेल अशी बारीकशी घट हवेतल्या ऑक्सिजनमध्येही मोजली गेली आहे.

सूर्याचे तेज १९७८ पासून उपग्रहांवरून मोजले जाते. अकरा वर्षांच्या चक्रात ते थोडे वर-खाली होते, पण या दशकांत त्यात वाढीचा कल नाही, तापमान मात्र चढत गेले. मला सर्वांत पटणारी खूण याहून वेगळी आहे. सूर्यच तापला असता तर वातावरण खालपासून वरपर्यंत तापले असते. प्रत्यक्षात जमिनीलगतचा थर तापतो आहे आणि त्याच्या वरचा थर, म्हणजे स्थितांबर, थंड होतो आहे. खाली उष्णता अडकल्यावर नेमके असेच व्हायला हवे. स्युकुरो मानाबे यांच्या १९६७ च्या गणितात हे आधीच आलेले होते. त्यांना २०२१ मध्ये नोबेल मिळाले.

ज्वालामुखींतून वर्षाला निघणारा कर्बवायू माणसाच्या उत्सर्जनाच्या एक टक्क्याहूनही कमी भरतो.

निसर्ग कितीतरी पट सोडतो हे खरे, पण तो जवळपास तितकाच परत घेतोही. सांजपक्षींच्या हौदात एका बाजूने प्रचंड पाणी येत होते आणि दुसऱ्या बाजूने तितकेच जात होते, म्हणून पातळी हजारो वर्षे स्थिर राहिली. आपण लावलेला नळ त्या मानाने लहान आहे, पण त्याला स्वतःचा निचरा नाही.

---

तिऱ्हाईत

स्थितांबर थंड होते हे माहीत नव्हते. विचार करण्यासारखे आहे. एकच राहिले: हिमयुगांच्या नोंदींत आधी तापमान वाढले आणि मागाहून कर्बवायू वाढला, असे म्हणतात ना?

---

वेधशाळा

हो, आणि त्यात काळजी वाढवणारी माहिती दडलेली आहे. हिमयुगांची सुरुवात आणि शेवट पृथ्वीच्या कक्षेतल्या आणि आसाच्या कलातल्या हळूहळू होणाऱ्या बदलांनी होतो. मिलुटिन मिलान्कोविच यांनी ते गणित मांडले. कक्षेमुळे थोडी ऊब आली की समुद्रातून कर्बवायू बाहेर पडतो, तो आणखी ऊब आणतो, बर्फ वितळून गडद जमीन-पाणी उघडे पडते आणि ते ऊन जास्त शोषते. थोडक्या धक्क्याचे मोठ्या बदलात रूपांतर झाले ते या साखळीमुळे. आज पहिला धक्काच कर्बवायूचा आहे आणि पुढची साखळी तीच आहे. कक्षेचा विचार केला तर या काळात पृथ्वी अगदी मंदपणे थंड व्हायला हवी होती.

वेगही पाहा. शेवटचे हिमयुग संपताना शंभरेक पीपीएमची वाढ व्हायला हजारो वर्षे लागली. तेवढी भर आपण १९५८ नंतर घातली आहे.

---

जलतरंग

समुद्राबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही, कारण या चर्चांत तो कायम मागे पडतो.

पृथ्वीवर जी जास्तीची उष्णता साठते आहे त्यातली ९० टक्क्यांहून अधिक समुद्राने पोटात घेतली आहे. आपण हवेच्या तापमानावर बोलतो ते उरलेल्या तुकड्यावर. पाणी तापले की पसरते, त्यामुळे बर्फाचा एक कणही न वितळता समुद्राची पातळी चढते. त्यात हिमनद्या आणि ग्रीनलंड-अंटार्क्टिकाच्या बर्फाचे पाणी मिसळते. १९०१ ते २०१८ या काळात पातळी सरासरी २० सेंटिमीटरने वाढली आणि वाढीचा वेगही वाढतो आहे. आकडा लहान वाटतो, पण वादळाची लाट या वाढलेल्या पातळीवर स्वार होऊन येते. आणि समुद्र लगेच थांबणारही नाही, खोल पाणी तापायला शतके लागतात.

दुसरी गोष्ट आम्लतेची. शोषलेला कर्बवायू पाण्यात विरघळून कार्बोनिक आम्ल बनवतो. पृष्ठभागाचा पीएच ८.२ वरून ८.१ वर आला आहे. पीएचची मोजपट्टी लॉगरिदमची असल्यामुळे या ०.१ चा अर्थ आम्लतेत सुमारे ३० टक्के वाढ असा होतो. ज्यांचे कवच चुन्याचे, त्या शंख-शिंपल्यांना आणि प्रवाळांना ते बांधणे जड जाते. त्यात उष्णतेच्या लाटा. २०२४ च्या एप्रिलमध्ये शास्त्रज्ञांनी प्रवाळांच्या चौथ्या जागतिक विरंजनाची घोषणा केली. म्हणजे प्रवाळ आपल्यातली रंगीत शैवाले बाहेर टाकून पांढरे पडतात, आणि पाणी लवकर निवले नाही तर मरतात.

तुवालू आणि किरिबाटीसारख्या बेटांवरच्या लोकांनी यात किती धूर सोडला? जवळपास काहीच नाही. १८५० पासूनच्या एकूण जळणाच्या कर्बवायूत एकट्या अमेरिकेचा वाटा सुमारे चौथा हिस्सा आहे. आणि देश बुडण्याची भीती त्या बेटांना. याचा मला मनस्वी राग येतो आणि तो लपवावा असे वाटत नाही.

---

कोरडवाहू

जलतरंग, पूर्ण सहमत. मी शेतीच्या अंगाने लिहितो.

हवा एक अंश तापली की तिची बाष्प धरण्याची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. त्यामुळे एकीकडे तापलेली हवा मातीतला ओलावा जोरात ओढते आणि कोरड कडक होते, दुसरीकडे पाऊस पडतो तेव्हा एकदम कोसळतो. वर्षाची बेरीज तीच असली तरी पिकाच्या हाती ते पाणी लागत नाही, मातीच वाहून जाते. दुष्काळ आणि पूर यांचे मूळ एकच आहे हे लोकांना सांगूनही पटत नाही.

रात्रीच्या उकाड्याकडे फार कमी लक्ष जाते. पीक दिवसा जे कमावते त्यातले काही रात्री श्वसनात खर्च करते. रात्र गरम असेल तर हा खर्च वाढतो आणि दाणा हलका राहतो. फुलोऱ्याच्या दिवसांत उष्णतेची लाट आली तर परागच वांझ होतात.

आणि राबणारी माणसे? घामाने शरीर निवते ते घाम सुकला तरच. ओल्या फडक्याच्या तापमापीचा आकडा, म्हणजे आर्द्र-तापमान, ३५ अंशांवर गेला तर सावलीत बसलेला धडधाकट माणूसही काही तासांहून जास्त तग धरू शकत नाही असे मानतात. उन्हात काम करणाऱ्याला धोका त्याच्या कितीतरी आधी सुरू होतो. अर्थव्यवस्थेवरचे परिणाम मोजताना या माणसांचा नंबर शेवटी लागतो.

शेतीचा स्वतःचा वाटाही कबूल करायला हवा. रवंथ करणारी जनावरे आणि पाणी तुंबलेली भातखाचरे मिथेन सोडतात. पिकाने न उचललेल्या नत्रखतातून नायट्रस ऑक्साइड निघतो, आणि तो शंभर वर्षांच्या हिशेबात कर्बवायूच्या सुमारे २७० पट तीव्र आहे. भातात उपाय आहे: पाणी सतत साठवून न ठेवता आळीपाळीने भरायचे आणि सुकू द्यायचे. मिथेन निम्म्यापर्यंत खाली येऊ शकतो आणि पाणीही वाचते.

---

गारवा

मी वीस-एक वर्षे शीतकरणाच्या दुरुस्तीत आहे. आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो, तिची चर्चा होत नाही.

एसीत आणि फ्रिजमध्ये जो गॅस असतो तो खर्च होत नाही. तो बंद नळ्यांतून फिरत राहतो. दरवर्षी गॅस भरावा लागत असेल तर कुठेतरी लीकेज आहे, आणि मागच्या वर्षी भरलेला सगळा हवेत गेला आहे. आर-४१०ए हा गॅस शंभर वर्षांच्या हिशेबात कर्बवायूच्या सुमारे २,००० पट तीव्र आहे. एक किलो सुटला म्हणजे दोन टन कर्बवायू सोडल्यासारखे झाले. आर-३२ साधारण ६७५ पट आहे. प्रोपेन, म्हणजे आर-२९०, यांच्यापुढे नगण्य आहे, मात्र तो ज्वलनशील असल्यामुळे काम शिकलेल्या माणसानेच करावे.

म्हणून वापरणाऱ्यांना विनंती: मेकॅनिकला नुसता गॅस भरू देऊ नका, आधी गळती शोधून बुजवायला सांगा. जुने यंत्र भंगारात देताना नळी कापून गॅस उडवून दिला जातो. तो रिकव्हरी मशीनने सिलिंडरमध्ये काढून घेता येतो. वेळ लागतो, पण माझ्या मते हे न करणे अक्षम्य आहे.

या वायूंचा वापर टप्प्याटप्प्याने घटवण्यासाठी २०१६ साली किगाली इथे करार झाला, आणि तो पूर्ण पाळला तर शतकाअखेर सुमारे अर्ध्या अंशापर्यंतची वाढ टळू शकते असा अंदाज आहे.

---

मृगजळ

सगळे वाचते आहे. खरे सांगू? वाचून हात-पाय गळतात. माझे वय बावीस. मोठे देश एकमेकांकडे बोट दाखवणार, कंपन्या तेल काढत राहणार. मी पंखा बंद केल्याने काय होणार आहे?

---

सांजपक्षी

मृगजळ, तुमचे हे लिहिणे फार महत्त्वाचे आहे, म्हणून सविस्तर उत्तर देते.

दीड अंश ओलांडला की सगळे संपले, अशी काही भिंत नाही. प्रत्येक दशांश अंशाला किंमत आहे. आयपीसीसीच्या (संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीच्या) २०१८ च्या अहवालानुसार दीड अंशाला उष्ण समुद्रांतली ७० ते ९० टक्के प्रवाळ-बेटे नष्ट होतील, दोन अंशांना ९९ टक्क्यांहून अधिक. या अर्ध्या अंशात जे वाचते ते परत निर्माण करता येत नाही.

दुसरे असे की उत्सर्जन निव्वळ शून्यावर आले, म्हणजे आपण सोडतो तितकेच परत काढूनही घेतले, की तापमानाची वाढ थोड्याच वर्षांत जवळपास थांबते, असे आजचे विज्ञान सांगते. ते लगेच खाली येणार नाही, पण चढणे थांबेल. म्हणजे "आता काही केले तरी वाढतच राहणार" हे खरे नाही. पुढे किती वाढेल हे अजून आपण काय जाळतो यावर आहे.

आणि जगाने एकदा हे केलेलेही आहे. १९७४ मध्ये मारिओ मोलिना आणि शेरवुड रोलंड यांनी सीएफसीमुळे (तेव्हा फ्रिज आणि स्प्रेमध्ये वापरल्या जाणाऱ्या वायूंमुळे) ओझोनचा थर विरतो असे सांगितले, उद्योगांनी कडाडून विरोध केला, तरी १९८७ मध्ये मॉन्ट्रियल करार झाला आणि पुढे तो सगळ्या देशांनी स्वीकारला. ओझोन आता सावरतो आहे. कोळसा-तेल सोडणे त्याहून कितीतरी अवघड आहे हे मान्य. पण सौर पॅनलची किंमत २०१० नंतरच्या एका दशकात सुमारे ९० टक्क्यांनी उतरली, हे त्या काळी कुणी सांगितले असते तर विश्वास बसला नसता.

पंख्याबद्दल: पंखा खुशाल चालू ठेवा. तुमची ताकद मत देण्यात, प्रश्न विचारण्यात, तुम्ही जिथे शिकाल-काम कराल तिथले निर्णय बदलण्यात जास्त आहे. एका इमारतीचे छत किंवा एका संस्थेची वीजखरेदी बदलली तर ती कित्येक घरांच्या काटकसरीला भारी पडते.

---

गणिती

मूळ प्रश्नाकडे येतो. माझ्या मते उपायांना क्रम आहे आणि तो पाळला नाही तर मेहनत वाया जाते.

जगाच्या हरितगृह वायूंपैकी, म्हणजे उष्णता धरून ठेवणाऱ्या वायूंपैकी, साधारण तीन चतुर्थांश ऊर्जेतून येतात. म्हणून आधी वीज स्वच्छ करणे: सूर्य, वारा, पाणी, आणि त्यांना आधार म्हणून साठवण व पारेषणाच्या तारा. त्याच वेळी जे तेल-वायूवर चालते ते विजेवर आणणे: गाड्या, चुली, आणि इमारती उबदार ठेवणारे हीट पंप. विजेची मोटर मुळातच इंजिनापेक्षा फार कमी ऊर्जा वाया घालवते, त्यामुळे एकूण गरजच घटते. अणुऊर्जेवर लोक भांडतात. ती उभारायला वेळ आणि पैसा फार लागतो, पण चालू असलेला सुरक्षित प्रकल्प बंद करून त्या जागी कोळसा जाळणे मला तरी समर्थनीय वाटत नाही.

मिथेन हा सर्वांत लवकर हाती लागणारा उपाय. तो हवेत साधारण बाराच वर्षे टिकतो, पण वीस वर्षांच्या हिशेबात कर्बवायूच्या सुमारे ८० पट तीव्र असतो. तेल-वायूच्या विहिरी आणि पाइपलाइनच्या गळत्या बुजवणे, कचऱ्याच्या ढिगातला वायू पकडणे, यांचा परिणाम एका पिढीच्या आत दिसतो.

सिमेंट अवघड आहे. चुनखडी भाजून चुना करताना दगडातूनच कर्बवायू सुटतो, त्यामुळे भट्टी स्वच्छ विजेवर चालवली तरी तो निघणारच. इथे कमी सिमेंट वापरणे, राख-चिकणमातीची मिश्रणे आणि शेवटी वायू पकडून जमिनीत गाडणे, एवढेच मार्ग आहेत.

आता झाडे. उभे जंगल वाचवणे नव्या रोपांपेक्षा कधीही मोठे, कारण जुन्या जंगलात आणि त्याच्या मातीत शतकांचा साठा असतो. दलदलीची पीट-जमीन (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थरांची) पृथ्वीच्या सुमारे ३ टक्के भूभागावर आहे, पण जगातल्या सगळ्या जंगलांच्या झाडोऱ्यापेक्षा जास्त कार्बन धरून आहे. ती सुकवली की तो सुटतो. गवताळ माळावर एकाच जातीची झाडे रांगेत लावणे हा उपाय नव्हे, त्यात माळाची जीवसृष्टीही जाते. आणि झाडातला साठा वणव्यात एका दिवसात हवेत परततो. त्यामुळे "आम्ही इतकी झाडे लावली, म्हणून इतके तेल जाळू" हा हिशेब मला मान्य नाही.

---

तिऱ्हाईत

गणिती, क्रम पटला. वातावरणात गंधकाचे कण फवारून ऊन परतवायचे, असाही एक मार्ग सांगतात. १९९१ मध्ये पिनातुबो ज्वालामुखीनंतर पृथ्वी सुमारे अर्ध्या अंशाने थंड झाली होती ना?

---

वेधशाळा

झाली होती, आणि ती थंडी दोनेक वर्षांत ओसरली. फवारणी केली तर ती सतत चालू ठेवावी लागेल. मध्येच थांबली तर दाबून ठेवलेली सगळी वाढ काही वर्षांत उसळून येईल. पावसाचे पट्टे कसे सरकतील याची हमी कुणी देऊ शकत नाही. आणि जलतरंग यांनी लिहिलेली समुद्राची आम्लता जशीच्या तशी वाढत राहील, कारण कर्बवायू हवेतच असेल. अभ्यास व्हावा, पण त्या भरवशावर जळण चालू ठेवू नये.

---

मृगजळ

सांजपक्षीताई, धन्यवाद. मी कृषी शाखेची विद्यार्थिनी आहे. कोरडवाहूकाका, तुम्ही लिहिलेली भाताची पद्धत प्रयोगाच्या प्लॉटवर करून बघता येईल का? पाणी कधी द्यायचे हे कसे ठरवतात?

---

कोरडवाहू

नक्की करता येईल. भोके पाडलेला पाइप खाचरात रोवायचा आणि आतली माती काढून टाकायची, म्हणजे जमिनीखालची पाण्याची पातळी दिसते. ती पृष्ठभागापासून १५ सेंटिमीटर खाली गेली की पुन्हा पाणी भरायचे. लावणीनंतर पहिले दोन आठवडे पाणी साठवून ठेवावे, तण दबते. फुलोऱ्यातही सुकू देऊ नये, पाच सेंटिमीटर पाणी राहू द्यावे.

एक काळजी घ्या. जमीन ओली-सुकी होत राहिली की नायट्रस ऑक्साइड थोडा वाढतो, म्हणून नत्रखत एकदम न देता पिकाच्या गरजेप्रमाणे विभागून द्या. आणि शेजारी नेहमीसारखे पाणी तुंबवलेला एक प्लॉट ठेवा, नाहीतर तुलना कशाशी करणार? दोन्हीकडचे उत्पन्न आणि दिलेले पाणी मोजून इथेच टाका.